कोंबडीचं कोडं

तुम्हाला तेलुगू येत नसेल तर चिकन करताना तेलुगू माणसाशी फोनवर बोलू नका. निदान स्पीकर लावून तर नाहीच नाही.

"मूत पेट्टु," असं आंटी पहिल्यांदा म्हणाल्या, तेव्हा माझ्या हातातला डाव हवेतच राहिला. समोर गॅसवर पातेलं, पातेल्यात पाऊण किलो चिकन, आणि फोनवर एक साठीची सुसंस्कृत बाई मला हे सांगतेय. मी म्हटलं, "क्या आंटी?" त्या पुन्हा ठणकावून म्हणाल्या, "मूत! मूत पेट्टु!" शेवटी त्यांनी तिकडे स्वतःच्या ओट्यावरचं झाकण भांड्यावर आपटून आवाज ऐकवला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मूत म्हणजे झाकण. पेट्टु म्हणजे ठेव. मी झाकण ठेवलं आणि ओट्याला टेकून दोन मिनिटं आवाज न करता हसले. आवाज न करता, कारण शेजारच्या खोलीत माझी रूममेट झोपली होती आणि ती झोपलीय हे तिच्या आईला कळून चालणार नव्हतं.

थांबा. सुरुवातीपासून सांगते.

मी हैदराबादला गेले ती एका कॉफी टेबल बुकच्या कामासाठी. फ्रीलान्सरला सूटकेस भरायला फार वेळ लागत नाही. चार महिन्यांसाठी कूकटपल्लीत एका टू बीएचकेची अर्धी वाटेकरी झाले. बाकी अर्ध्याची मालकीण सॉफ्टवेअर टेस्टर होती, गाव तेनाली. हो, तेच, तेनाली रामनवालं. पहिल्याच रविवारी आमचा करार झाला. स्वयंपाक ती करणार, कांदे आणि भांडी माझ्याकडे. मी लगेच सही केली असती, कागद असता तर. माझं पाककौशल्य म्हणजे पोहे, मॅगी आणि डेडलाइनच्या रात्री मॅगीत पोहे.

दर रविवारी ती 'कोडि कूरा' करायची. कोडि म्हणजे कोंबडी, कूरा म्हणजे कालवण. इतकं साधं नाव. हैदराबाद म्हटलं की आपल्याला बिर्याणीच्या पुढे काही सुचत नाही, पण बिर्याणी ही पाहुण्यांना दाखवायची आणि बाहेर जाऊन खायची गोष्ट. तेलुगू घरात रविवार दुपारी शिजतं ते हे. तेलंगणातले लोक ते बगारा अन्नम्बरोबर खातात, म्हणजे खडा मसाला आणि पुदिना घातलेल्या भाताबरोबर. रायलसीमेत नाचणीचा मऊ गोळा, 'रागी संगटि', आणि सोबत गावरान कोंबडीचा पुलुसु. किनारी आंध्रात संक्रांतीला उडदाचे वडे, 'गारेलु', या रश्श्यात बुडवून खातात. आणि गंमत म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्या 'कनुम'ला, मटण-चिकनचा बेत असतोच. आपल्याकडे अनेक घरांत 'करी'ला असतो तसाच. एका दिवसाच्या तिळगुळावर कुणाचंच भागत नाही, इकडे ना तिकडे.

तर सप्टेंबरमध्ये रूममेटला ताप आला. दोन दिवस तिनं पॅरासिटामॉलवर ऑफिस केलं. तिसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. डेंगी. प्लेटलेट्स घसरलेल्या. फॉर्मवर 'पेशंटशी नातं' असा रकाना होता, तिथं मी 'बहीण' लिहिलं. रिसेप्शनवरच्या मुलीनं माझं आडनाव वाचलं, तिचं आडनाव वाचलं, आणि काही न बोलता शिक्का मारला.

सलाइन लावल्यावर रूममेटचं पहिलं वाक्य होतं, "अम्माला सांगायचं नाही."

कारण साधं होतं. जुलैमध्ये तिच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती. अम्माला कळलं तर ती पहिल्या गाडीनं निघणार. मग नान्नांकडे कोण बघणार? आणि नान्नांना कळलं तर तेही निघणार. त्यापेक्षा ऑफिसात रिलीज आहे, काम जाम आहे, हे बरं. मी मान हलवली. मोठ्यांना टेन्शन द्यायचं नाही, हा आपल्या सगळ्यांचाच फंडा असतो. घर सोडून राहिलेल्या कुठल्याही पोराला विचारा, आईबापांना न सांगितलेली एक तरी अ‍ॅडमिट-डिस्चार्जची गोष्ट त्याच्याकडे निघेल.

रोज रात्री नऊला अम्मांचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "तिन्नावा?" जेवलीस का? हा प्रश्न आला की ही पोरगी उशीला टेकून ताठ बसायची, घसा साफ करायची आणि ठणठणीत आवाजात "तिन्नानु" म्हणायची. जेवले. काय जेवलीस याचीही रोज नवी यादी. एका रात्री तर सलाइनची सुई हातात असताना तिनं आंबाडीची डाळ आणि बटाट्याची काचऱ्यांसारखी भाजी खाल्ल्याचं सांगितलं. फोन ठेवला की आडवी. मी समोरच्या स्टुलावर बसून हे नाटक पाहायचे आणि मला माझी आई आठवायची. तिला मी काय काय खाल्ल्याचं सांगत असते, तेही.

घरी आल्यावर ताप गेला, प्लेटलेट्स चढायला लागल्या, पण जेवण बंद. डॉक्टर म्हणाले होते, घरचं साधं खायला द्या, पाणी भरपूर. मी खिचडी केली. दोन चमचे. वरणभात केला. एक चमचा. कोपऱ्यावरची इडली आणली, तिनं ती चटणीशिवाय चिवडली आणि बाजूला ठेवली. "नोरु चप्पगा उंदि," म्हणाली. तोंड सपक झालंय. दहा दिवसांत तिच्या हातातलं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं होतं. शनिवारी रात्री मी वैतागून विचारलं, "मग तू खाणार काय? एकदा सांगून टाक." भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "कोडि कूरा."

झालं. माझी वाट लागली.

रविवारी सकाळी पाऊस भुरभुरत होता, तरी चिकनच्या दुकानासमोर लाइन होतीच. दुकानदार अस्सल दखनीतला. "स्किनवाला होना की स्किनलेस?" मी म्हटलं, "स्किन नको." तो म्हणाला, "नक्को ना? हौ." हैदराबादमध्ये पहिल्या आठवड्यातच हा 'नक्को' ऐकून मला गहिवरून आलं होतं. आपला 'नको' तिथं जाऊन चांगला गुटगुटीत झालाय. हाडासकट करी कट घेतला, पाऊण किलो. बोनलेस घेऊ नका. या कालवणाला चव हाडांतून येते, आणि ते आंटींनी नंतर तीनदा बजावलं.

घरी येऊन मी ओट्यासमोर उभी राहिले. आता? इतके रविवार मी फक्त कांदे चिरले होते. कांदे चिरताना डोळ्यांत पाणी असतं, त्यामुळे पुढे काय होतं ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. व्हिडिओ बघून करता आलं असतं. पण तिला 'एक' कोडि कूरा नको होता, तिला तिच्या घरचा हवा होता. म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून मी तेनालीला फोन लावला.

"आंटी, उसको सरप्राइज देना है," मी म्हटलं. "आपका चिकन सिखाओ."

आंटी खूश. "वो क्या कर रही?"

"सो रही है. रात को ऑफिस से लेट आई."

"सरे," आंटी म्हणाल्या. ठीक आहे. आणि आमचा क्लास सुरू झाला. भाषा अर्धी तेलुगू, पाव हिंदी, पाव अंदाज.

पहिल्यांदा चिकन धुऊन त्याला पसुपु, म्हणजे हळद, अर्धा चमचा. आलं-लसणाचं वाटण एक मोठा चमचा. मग उप्पु, मीठ. "किती?" मी विचारलं. "कोंचेम," त्या म्हणाल्या. थोडं. जगातल्या सगळ्या आयांनी मिळून ठरवलेलं हे माप आहे, त्यावर भाषेचा परिणाम होत नाही. "मैं डालती हूँ, आप बोलो," असं म्हणून मी चमच्याचा आवाज करत करत मीठ टाकायला लागले. एक. "ऊं," आंटी म्हणाल्या. दुसरा. आंटी म्हणाल्या, "चालु." मला वाटलं, चालू ठेव. मी तिसरा टाकला. "चालु, चालु!" त्यांचा आवाज चढला. एवढं प्रोत्साहन मला मास कॉमला कुणी दिलं नव्हतं. मी आणखी अर्धा टाकला.

माझा एक बॅचमेट सोलापूरचा आहे. तिथं विणकरांच्या वस्तीत वाढला, घरी तेलुगू आणि गल्लीत मराठी. सोलापुरात अशी हजारो पद्मशाली घरं आहेत, तुमच्या घरातली सोलापुरी चादर त्यांच्यापैकीच कुणीतरी विणलेली असू शकते. त्याला मी दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं, चालु म्हणजे पुरे!" पण ते दुसऱ्या दिवशी.

अर्धा तास चिकन मुरत ठेवलं. तोवर दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरले, हे मला येतं. तीन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. पातेल्यात तीन मोठे चमचे तेल, कढीपत्त्याची एक अख्खी काडी, मिरच्या, मग कांदा. इथं घाई करायची नाही. आपण ऑफिसवाले कांद्यावर अन्याय करतो. तो गुलाबी झाला की आपल्याला वाटतं झालं, कारण पोटात कावळे ओरडत असतात. आंटींना तो बदामी हवा होता, मंद आचेवर, दहा-बारा मिनिटं. मग त्यात पुन्हा चमचाभर आलं-लसूण. आणि मग त्यांचं दुसरं सुवचन, "पच्चि वासन पोवालि."

वासना जायला हवी. मी फोनकडे बघतच राहिले. रविवार सकाळ, हातात डाव, आणि थेट अध्यात्म. वासन म्हणजे वास, इतकंच. आल्या-लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत परत. पण तेव्हापासून मी कुठलीही फोडणी करताना स्वतःला हेच सांगते.

मग चिकन आत. आच मोठी, चार-पाच मिनिटं, तुकडे पांढरे पडेपर्यंत हलवायचं. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप तुम्हाला सांगतेय. मी सवयीनं पाण्याचं भांडं उचललं. नळाचा आवाज तिकडे ऐकू गेला असणार. "नीळ्ळु वद्दु!" आंटी ओरडल्या. पाणी नको! आच बारीक कर. सिममध्ये ठेव, आणि मूत पेट्टु.

झाकण ठेवून दहा मिनिटांनी उघडलं तर पातेल्यात चांगलं बोटभर पाणी. मी एक थेंबही घातला नव्हता. मीठ लावून मुरलेलं चिकन झाकणाखाली मंद आचेवर स्वतःचं पाणी सोडतं आणि त्याच पाण्यात शिजायला लागतं. आपण वरून तांब्याभर पाणी ओततो तेव्हा रस्सा वेगळा आणि चिकन वेगळं राहतं, आणि मग ती दोघं एकत्र यावीत म्हणून वर मसाल्यांची पाकिटं फोडत बसतो. या कालवणात बाहेरचं पाणी येतं ते अगदी शेवटी, तेही गरम आणि कपभरच. कुकरच्या शिट्ट्यांचा तर प्रश्नच नाही. कुकरमध्ये चिकन शिजतं, पण हे होत नाही.

आता कारम्. म्हणजे लाल तिखट. तिखट चवीलाही कारम्च म्हणतात, तिखटालाही कारम्च. आपल्या 'तिखट'सारखंच. आमच्या ओट्यावर आंटींनीच पाठवलेली बरणी होती, गुंटूरच्या मिरचीची. तेनाली गुंटूर जिल्ह्यातलं, आणि गुंटूरचं मिरची मार्केट आशियातल्या सगळ्यात मोठ्या मिरची बाजारांत गणलं जातं. तिथल्या 'सन्नम' मिरचीला भौगोलिक मानांकनही आहे. तुम्ही बेडगीवर वाढला असाल तर सांभाळून. बेडगी रंगाला पुढे आणि तिखटाला मागे. सन्नमचं तसं नाही. ती आधी गप्प बसते, घास गिळला की बोलते. पहिल्या रविवारी मी भाताबरोबर ताटातला सगळा दही संपवला होता आणि तरी कान गरम होते.

"कारम् दो चम्मच," आंटी म्हणाल्या. "बड़ा."

आणि मी अडकले. आत एक मुलगी दहा दिवसांच्या तापातून उठलेली. तिला गुंटूरचे दोन मोठे चमचे? पण कमी करू का, असं विचारायचं कसं? अम्माच्या लेकीला कारम् कमी चालेल असं म्हणणं म्हणजे कोल्हापूरकराला तांबडा रस्सा जरा कमी वाढू का असं विचारणं. शंका येणारच. मी गप्प. आंटीही गप्प. मग त्या म्हणाल्या, "चूपिंचु." दाखव. व्हिडिओ लाव, पातेलं दाखव.

मी घाबरून मागे बघितलं. दार लोटलेलं होतं. कॅमेरा फक्त पातेल्यावर राहील असा फोन धरला. वाफेनं स्क्रीन धुरकट झाली, मी ती पुसली, पुन्हा धरला, जरा डावीकडे, जरा वर. आंटींनी मान पुढे करून पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"मिरियालु उन्नाया?" त्यांनी विचारलं. मिरी आहे का?

होती. मग सगळं बदललं. दुसरं पातेलं घे. निम्मे तुकडे आणि निम्मं पाणी त्यात काढ. हाडाचे तुकडे जास्त त्यात. एका पातेल्यात कारम् दोन चमचे, दुसऱ्यात अर्धा चमचा आणि ताजी कुटलेली मिरी. त्यात तेल वाढवू नको. टोमॅटो नको. रस्सा पातळ ठेव.

माझी समजूत अशी झाली की दुसरं पातेलं माझ्यासाठी. मराठी पोरगी, हिला कुठं झेपणार! मी थोडी दुखावलेही. "आंटी, मैं तीखा खाती हूँ," मी म्हटलं. त्या फक्त म्हणाल्या, "खाओ बंगारं, खाओ." बंगारं म्हणजे सोनं. पण मनातून मी सुटले होते. बिनतिखटाचं पातेलं आयतंच हातात आलं होतं. ते तिला, गुंटूर मला. कुणाला काही कळलं नाही!

पुढचं भराभर झालं. दोन्हीकडे धनेपूड मिळून दोन चमचे. आणि वाटण. एक चमचा खसखस किंचित भाजून आणि भिजवून, दोन चमचे सुकं खोबरं, चार लवंगा, दोन वेलदोडे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. बस्स. आपल्यासारखं कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं नाही, हे वाटण फिकट राहतं आणि रश्श्याला नुसता दाटपणा आणि वास देतं. खसखशीला ते गसगसालु म्हणतात, खोबऱ्याला कोब्बरि, कोथिंबिरीला कोत्तिमीर. आमची शिकवणी इथं आल्यावर एकदम सोपी झाली. मिरीचंही तसंच. मिरची इकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखट म्हटलं की मिरी. आपण मिरीवरून मिरची केली, त्यांनी मिरियालुवरून मिरपकाय. पाहुणी एकच, दोन्ही घरांनी तिला जुन्याच सुनेचं नाव दिलं.

मिक्सरखाली टॉवेल ठेवून वाटण फिरवलं, म्हणजे आवाज कमी. ते दोन्हीकडे वाटून घातलं, कपभर गरम पाणी, पुन्हा मूत, पुन्हा सिम, पंधरा मिनिटं. "नूने तेलालि," आंटींनी शेवटची खूण सांगितली. तेल वर तरंगायला हवं. आपण म्हणतो तर्री. वर कोथिंबीर पेरली आणि गॅस बंद केला. फोन ठेवताना आंटींनी विचारलं, "नुव्वु तिन्नावा?" तू जेवलीस का? मला. दहा दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "अभी, आंटी."

रूममेट उठून बसली. मी तिच्यासमोर ताट ठेवलं. मऊ भात, ज्याला ते नुसतं 'अन्नं' म्हणतात, आणि त्यावर मिरीवालं पातळ कालवण. तिनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. हाडाचा तुकडा उचलून चोखला. मग बोलणं बंद. मी तिला दुसऱ्यांदा भात वाढला. तिसऱ्यांदा तिनं स्वतः मागितला. मी माझं ताट घेऊन बसले. माझं जरा, म्हणजे बरंच, खारट लागत होतं. मला वाटलं आंध्रात असंच असेल. तिच्या सपक तोंडाला ते कळत नव्हतं.

ताट पुसून झाल्यावर ती म्हणाली, "हे मिरीवालं तू कुठे शिकलीस?"

"कुठे म्हणजे? तुझ्या अम्माकडून. आत्ता. फोनवर."

तिचा हात ताटातच थांबला. "हे आमच्याकडे रविवारी करत नाहीत," ती म्हणाली. "हे अम्मा फक्त जरम् येऊन गेल्यावर करते."

जरम् म्हणजे ताप.

मी स्वयंपाकघरात धावले. ओट्यावर, पातेल्याच्या डावीकडे, जरा वर, खिडकीच्या कठड्याला टेकवून ओआरएसची तीन पाकिटं, गोळ्यांच्या दोन पट्ट्या आणि हॉस्पिटलच्या नावाची प्लास्टिकची पिशवी.

"तू सांगितलंस," ती दारात येऊन म्हणाली. दहा दिवसांत पहिल्यांदा ती न धरता चालली होती.

"मी चिकनचं विचारलं फक्त!"

आमचं भांडण झालं. व्यवस्थित, आवाज चढवून. तिचं म्हणणं, एक साधी गोष्ट तुला जमली नाही. माझं म्हणणं, रोज रात्री मी तुझ्या समोर बसून तुझ्या खोट्या भाज्या ऐकल्यात, आणि रात्री दोन वाजता तुझ्या प्लेटलेट्सचा रिपोर्ट मी एकटीनं वाचलाय, तेव्हा कुणाला फोन करायचा हे मला कळत नव्हतं. हे मी बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. ती गप्प झाली. मग तिनं फोन उचलला, पाहिला, परत ठेवला. त्या रात्री नऊला अम्मांचा फोन आला नाही. साडेनऊला नाही. दहाला तिनं लावला, तर उचलला नाही. आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो होतो. नान्नांचं काही झालं का, हे दोघींच्याही मनात, आणि बोलायचं कुणीच नाही.

सोमवारी सकाळी सहाला बेल वाजली. मी दार उघडलं. आंटी. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. लिफ्ट बंद होती, त्यामुळे मागून जिन्यानं, प्रत्येक वळणावर थांबत, अंकल येत होते. तीन मजले. ते वर आले, चपला काढल्या, मला बघून मान हलवली आणि थेट आतल्या खोलीत गेले. रूममेट जागी होती. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसले. ती रडायला लागली. ते काहीच बोलले नाहीत, नुसता श्वास जमवत राहिले.

आंटी तोवर स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. मला तर नाहीच. पदर खोचला, फ्रिज उघडला, कालचं गुंटूरवालं पातेलं काढून गॅसवर ठेवलं, गरम झाल्यावर तळहातावर थेंब घेऊन चाखलं. आणि माझ्याकडे पाहिलं.

"उप्पु," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं. त्यांनी शेजारच्या शेगडीवरचं गरम पाणी उचललं आणि बारीक धार धरून पातेल्यात सोडायला सुरुवात केली. माझं एवढ्या कष्टानं वर आलेलं तेल, ती लाल तर्री, डोळ्यांदेखत फुटायला लागली. मला राहवेना. आदल्याच रात्री फोनची वाट बघताना मी रूममेटकडून त्या एका शब्दाचा अर्थ विचारून घेतला होता. सोलापूरच्या मित्राची खात्री व्हायची बाकी होती, पण म्हटलं, बघू.

"आंटी," मी म्हटलं, "चालु, चालु."